ओलीची हद्द

नाना पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी चहा नको म्हटलं, बसायला नको म्हटलं, चपला दारात काढल्या, सरळ बाथरूममध्ये गेले आणि भिंतीला गाल लावून डोळे मिटून उभे राहिले.

मला त्या घरात राहायला येऊन तीन दिवस झाले होते. खोकी अजून सोडायची होती. शेजारी कोण राहतं हेही ठाऊक नव्हतं. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि कानावर पेन्सिल असा साठी ओलांडलेला एक काटक माणूस माझ्या भिंतीला बिलगून उभा होता, आणि मी खांद्यावर टॉवेल टाकून दारात ताटकळत होतो. काही विचारावं म्हणून तोंड उघडलं तर त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून एक बोट वर केलं. म्हणजे थांबा.

मग त्यांनी गाल काढला. भिंतीचा वास घेतला. नखाने रंगाचा एक पोपडा उचकटला, त्याखालची पांढरी भुकटी जिभेच्या टोकाला लावली आणि म्हणाले, "खारट हाय."

"काय?"

"भित. लोना फुटलाय. ही जुनी वल हाय, तुमी यायच्या आदीपास्नंची."

ओलीला नाना 'वल' म्हणतात. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, भिंतीवरचा ओलसर भाग जिथे संपत होता त्या कडेने नागमोडी रेघ ओढली आणि शेजारी तारीख घातली. "ही आजची हद्द. आता कोन कुनाच्या शिवारात शिरतंय बगू. नाव काय तुमचं? शिक्षान?"

मी नाव सांगितलं. शिक्षण बीएस्सी, रसायनशास्त्र. हे सांगताना अजूनही माझा आवाज थोडा वर चढतो, कारण आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. नानांनी नाव तिथेच सोडलं आणि शिक्षण तेवढं उचललं. त्या दिवसापासून मी 'बीएस्सी' झालो. "काय बीएस्सी, हाय का घरात?" ही हाक ऐकली की समजावं, भिंतीची तपासणी आहे.

शेजारच्या घरातले हे गहिनीनाथ नाना मूळचे खर्ड्याकडचे, म्हणजे जिल्ह्याच्या कोरड्या टोकाचे. मी राजूरचा, म्हणजे ओल्या टोकाचा. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते, चपलेला येते, वह्यांना येते. कुणी त्याची दखल घेत नाही. सुप्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि मी पुणे रस्त्याजवळच्या या वसाहतीत भाड्याने घर घेतलं, तेव्हा बाथरूमच्या कोपऱ्यातला काळा डाग पाहून मला उलट घरची आठवण आली होती. नानांना मात्र ओल दिसली की अंगावर पाल पडल्यासारखं होई.

"आमच्याकडं मानसं हंड्यामागं पळून मेली, बीएस्सी," ते म्हणायचे, "आन् हितं भित्ती फुकट पानी पित बसल्यात. लाज न्हाई वाटत?" शेवटचा प्रश्न भिंतीला असे.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी जमिनीच्या मोजणीत शिपाई म्हणून काढली. साखळी ओढायची, हद्दीचे दगड रोवायचे, बांधावर दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले की मध्ये उभं राहायचं. नोकरी संपली, पण भाषा निवृत्त झाली नाही. ओल त्यांच्या लेखी अतिक्रमण होतं. बुरशी म्हणजे कूळ. "कुळाला हाकलून काय हुतंय? दुसऱ्या दिवशी पुन्ना येतंय. मूळ मालक कोन, त्येच्याकडं चला." मूळ मालक म्हणजे पाणी जिथून येतं ती जागा. आणि कुणी ओलीवर नुसता रंग मारला की ते कपाळाला हात लावत: "ह्यानी उतारा बदलला. जमीन तीच!"

वसाहतीतल्या बहुतेक घरांच्या बाथरूममध्ये त्यांच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. एकाबाहेर एक, तारखांसकट, नकाशात डोंगर दाखवतात तशा. रंगारी दिवाळीच्या आधी नानांना विचारून काम घेत. कारण विचारलं नाही तर नाना मध्येच येऊन ब्रश धरत. एकदा वसाहतीत एका घरी म्हातारे वारले. सगळे भेटायला गेलो. नाना हात जोडून बसले, डोळे पुसले, मग हातपाय धुवायला आत गेले ते दहा मिनिटं बाहेर आलेच नाहीत. निघताना मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "दुख लई मोटं हाय. धीर धरा. पन दहाव्यानंतर तेवढा वरच्या टाकीचा पाईप बगून घ्या." त्या मुलाने पुढे पाईप बदलला आणि गच्चीतली ओल थांबली, हेही सांगायला हवं. नाना विक्षिप्त होते, चुकीचे क्वचितच.

एकच गोष्ट विचित्र होती. दुनियेच्या न्हाणीघरात शिरणारा हा माणूस स्वतःच्या बाथरूममध्ये कुणाला पाऊल टाकू देत नसे. त्याला बाहेरून कडी आणि कडीला छोटं पितळी कुलूप. स्वतः आंघोळ मागच्या अंगणात, पहाटे, मोजून एक बादली. वसाहतीत यावर बरीच मतं होती. कुणी म्हणे आत धान्य भरलंय, कुणी म्हणे सरकारी नकाशे. मी एकदा सहज विचारलं तर नाना म्हणाले, "त्ये वादातलं क्षेत्र हाय," आणि विषय संपला.

आता माझी चूक सांगतो.

पौषात आई राजूरहून कायमची माझ्याकडे येणार होती. बाबा मी सातवीत असताना गेले. आईने लोकांची भातलावणी केली, सोमवारच्या बाजारात पालेभाजी विकली आणि मला वसतिगृहात ठेवून शिकवलं. एकदा सुट्टीत घरी गेलो असताना ती चुलीपुढे खोकत होती, तेव्हा मी म्हटलं होतं, "आई, मला नोकरी लागली ना, की तुला धूर नसलेली एक आख्खी खोली." हसली होती. ती खोली आता होती. छोटी, पण खिडकीची. फक्त तिची एक भिंत बाथरूमला लागून होती. ज्या कोपऱ्यात नानांची पहिली रेघ होती, त्याच्या पलीकडेच आईची खाट येणार होती, आणि त्या भिंतीवरही वीतभर सावळा डाग उतरू लागला होता.

आई येण्याच्या आदल्या रविवारी मी दुकानातून बुरशी न धरणारा म्हणून मिळणारा रंग आणला. डाग कोरड्या ब्रशने खरवडला, वर दोन हात मारले. नानांच्या रेघा त्याखाली गाडल्या गेल्या. नाना दारात येऊन उभे राहिले, बघितलं, आणि पहिल्यांदा काहीच न बोलता निघून गेले. उतारा बदललाय, एवढंसुद्धा म्हणाले नाहीत. ते मला जास्त लागलं.

आई आली. खोली बघून तिने भिंतीवरून हात फिरवला, खिडकी दोनदा उघडझाप केली. पंधरा दिवसांत डाग परत आला, यावेळी दुप्पट. आणि आईला खोकला लागला. दिवसा बरी असायची, खोलीत निजली की छाती भरून यायची. डॉक्टरांनी तपासून औषध दिलं आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" मी खाली बघितलं.

घरी आल्यावर आईने तिची कापडी पिशवी भरली आणि खिळ्याला अडकवली. "मला राजूरला सोड बाबा. धुराची सवय हाय मला. ह्या वासाची न्हाई."

"आई, आठ दिवस दे."

"आठ दिवसांत भित काय गुनी होनार हाय?"

"दे तर."

पिशवी खिळ्यालाच राहिली. येता-जाता मला ती दिसे.

मी त्याच संध्याकाळी शेजारी गेलो. "नाना, चुकलं माझं. मोजणी काढा."

नाना भाकरी खात होते. तसेच उठले. "अर्ज मिळाला," म्हणाले. "चला."

त्यांनी आधी आईसमोर उभं राहून मला झाडलं. "वल्या बुरशीवर कोरडा ब्रश मारला ह्यानी! आक्का, तुमचा पोरगा बीएस्सी हाय, पन त्येला कुनी सांगितलं न्हाई का, कोरडी घासली की ती पिठावानी उडती? गिळली की न्हाई तुमी ती नाकानं?" आई म्हणाली, "पोराला बोलू नका हो, माझ्यासाठीच केलं त्यानं." नाना म्हणाले, "म्हनूनच बोलतोय. परक्यासाठी केलं अस्तं तर सोडलं अस्तं." आईची खाट त्याच वेळी बाहेरच्या खोलीत हलवली. मग त्यांनी खिशातून लांबट वही काढली आणि लिहून घेतलं: संशयित चार. आभाळ, जमीन, नळ, वाफ.

"पाऊस जाऊन तीन म्हयने झाले. आभाळ खारीज," असं म्हणून पहिल्यावर काट मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, पुसून आणल्या आणि भिंतीवर तीन ठिकाणी चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवल्या. दोन दिवसांनी बघायचं. दव प्लास्टिकच्या बाहेरून धरलं तर वाफ दोषी. आतून, भिंतीच्या बाजूने धरलं तर भिंतच पाणी सोडतेय. तिन्ही तुकड्यांना आतून थेंब आले. जमिनीलगतच्या तुकड्याला सगळ्यात कमी आले, कंबरेएवढ्या उंचीवर सगळ्यात जास्त. "जिमिनीची वल खालनं वर चढती. ही मदनंच सुरू हुतीय. जमीन खारीज, वाफ खारीज. ऱ्हाता ऱ्हायला नळ."

नळासाठी त्यांनी मला सुट्टी घ्यायला लावली. सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याला पेन्सिलीची रेघ. सहा तासांत केसभर हललं नाही. मग फरशीवरच्या जाळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबून बाथरूमभर चार बोटं पाणी उभं केलं, त्यात कपड्यांची नीळ कालवली आणि पलीकडे खोलीत, बाहेर गल्लीत, सगळीकडे निळं कुठे फुटतंय ते बघत फिरलो. त्या दिवशी मी आणि आईही, नानांसारखी अंगणात आंघोळ करणारी झालो. निळं कुठेच फुटलं नाही. निळे झाले ते फक्त माझे पाय, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत साहेबांनी विचारलं, "काय रे, नवीन प्रयोग?"

दरम्यान त्यांनी बुरशीलाही सोडलं नव्हतं. तोंडाला ओला पंचा बांधून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिंत आधी भिजवून, मग ओल्या फडक्याने पुसत होते. फरशीच्या सांध्यांतला चिकटा निघेना तेव्हा संडास धुवायच्या ॲसिडची बाटली उघडून ते त्याच भिंतीच्या पायथ्याशी ओतायला निघाले. मी अक्षरशः झेप घातली.

"नाना, नको! ब्लीचिंगवर ॲसिड पडलं की विषारी वायू होतो. बंद खोलीत दोघेही पडू."

नानांनी बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बूच लावलं. बाहेर येऊन आईला म्हणाले, "आक्का, तुमच्या भाजीच्या पाट्या वसूल झाल्या बरं का. आज बीएस्सी कामाला आली." आई हसली आणि हसता हसता खोकली. सहावा दिवस होता.

त्या दुपारी वहीतल्या उरलेल्या नळावरही काट बसली. नाना बाथरूमच्या मधोमध उभे राहिले. तीन भिंतींत पाणी सुरू होत नव्हतं; आईच्या खोलीकडे गेलेला डागही कोपऱ्यातून वळून आलेला. उरलेली चौथी, जिच्या मधोमधून ओल सुरू होत होती, ती पलीकडच्या घराशी सामाईक होती. म्हणजे नानांच्या बाथरूमशी.

मला ते आधीच कळलं होतं. आईलाही कळलं असावं. नाना त्या भिंतीला गाल लावून बराच वेळ उभे राहिले. डोळे मात्र उघडे होते. मग म्हणाले, "क्षेत्र तपासाय लागंल," आणि वही न घेताच गेले.

दोन दिवस ते आले नाहीत. हाकही नाही. आठ दिवसांची मुदत संपली. मी संतापलो होतो, खोटं कशाला सांगू. "सगळ्या वसाहतीच्या भिंती चाटत फिरतात, आणि स्वतःचं दार उघडायला सांगितलं तर गायब," असं मी मोठ्याने म्हणालो. आई पिशवीकडे बघत होती. म्हणाली, "तो माणूस पळनारा न्हाई. कुलूप लावलेल्या मान्साला किल्ली शोधायला येळ लागतो."

नवव्या दिवशी सकाळी मी दात घासत उभा होतो. सामाईक भिंतीवर, कंबरेएवढ्या उंचीवर, गिलाव्याच्या एका तड्यातून बारीक ओघळ आला होता. निळा.

आम्ही त्या आठवड्यात नीळ फक्त एकदा, आणि ती आमच्या फरशीवर वापरली होती. ती केव्हाच धुऊन गेली होती.

मी ब्रश तोंडात ठेवूनच शेजारी धावलो. दार उघडंच होतं. नाना बाथरूमच्या दाराशी पाटावर बसले होते, पितळी कुलूप हातात.

"आलं का निळं?"

मी मान हलवली.

"किती उंचीवर?"

मी कंबरेला हात लावला. नानांनी डोळे मिटले. "या," म्हणाले. "बगून घ्या. पंचनाम्याला दोन मानसं लागत्यात. आक्कांना बी बोलवा."

आत ना धान्य होतं ना नकाशे. एक हौद होता. सामाईक भिंतीला टेकवून बांधलेला, कंबरेएवढा, शहाबादी फरशीचा, वर पत्र्याचं स्वच्छ पुसलेलं झाकण. नानांनी झाकण सरकवलं. काठोकाठ पाणी, आदल्या दिवशीच्या निळीने आभाळासारखं झालेलं.

"मंडळीनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली मला," नाना म्हणाले. ते पाण्याकडे बघून बोलत होते. "खर्ड्याला अस्ताना पहाटं तीनला हिरीवर नंबर. नंतर बदलीच्या गावी भाड्याच्या खोल्या, नळावर भांडनं. ह्ये घर घेतलं तवा म्हनली, मला दागिना नको, पातळ नको. हौद पायजे. सकाळी उटल्यावर भरल्याला दिसला पायजे. मी दोन दिवसांत बांधला. घाईघाईत. आन् बीएस्सी, जलमभर लोकांना सांगत आलो, हद्दीला टेकून काय बी बांधू नका, जागा सोडा. आन् सोता बांधला त्यो सामाईक भितीला टेकवून."

"मग गळतंय हे तुम्हाला…"

"रोज दोन बोटं कमी व्हायचं. ती अस्ताना वापरात हुतं, कळायचं न्हाई. ती गेली त्या दिशी काठोकाठ भरल्याला हुता. म्या नंतर त्यातलं तांब्याभर घेतलं न्हाई. तरी रोज दोन बोटं कमी. मी म्हनायचो, उनानं उडतंय." ते थांबले. "बाथरूमात ऊन! दुसऱ्या कुनी सांगितलं अस्तं तर त्येच्या तोंडावर हसलो अस्तो मी."

नाना झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"चार वरीस झाली. खरं सांगू का, कवा कवा वाटायचं, तीच पिऊन जाती आसंल. तहानच तशी हुती तिची. म्हनून रोज दोन बोटं भरून ठिवायचो."

मग नाना उठले, धोतर खोचावं तसा लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि म्हणाले, "मूळ मालक घावला. आता काम सुरू करू. आदी हौद रिकामा कराय लागंल."

त्यांनी बादली उचलली. पाण्यापर्यंत नेली. आणि तो हात तिथेच थांबला. बादलीचा तळ पाण्याला टेकत होता, आत जात नव्हता.

आई पुढे झाली. "वहिनींचं नाव काय हुतं, भाऊ?"

"सुंद्रा."

आईने पदर खांद्यावर घेतला, हौदावर वाकली आणि शेजारणीच्या दारात उभं राहून मागावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "सुंद्राबाई, पानी घेते गं." आणि कळशी बुडवली.

आमच्याकडे दुसरीच्या घरचं पाणी असंच विचारून घेतात. कळशी भरल्याचा आवाज झाला आणि नानांचा हात सुटला. दुसरी बादली त्यांनी काढली. तिसरी मी. आईने बजावून ठेवलं होतं की एक थेंब मोरीत जायचा नाही. गल्लीतली लिंबाची रोपं, समोरच्यांची जास्वंद, सगळ्यांना पाणी गेलं. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या सगळ्या झाडांची आळी फिकट निळी होती.

पुढचं काम महिनाभर चाललं. आईची पिशवी खिळ्यालाच होती, पण आता ती म्हणाली, "बगते काय करता." नानांनी गवंड्याच्या बरोबरीने उभं राहून हौद फोडला. सामाईक भिंतीचा गिलावा दोन्हीकडून विटेपर्यंत काढला. हौद भिंतीला जिथे मिळत होता तिथली भेग माझी नखं आत जातील एवढी होती. ती भरली. मग नानांनी गवंड्याला घाई करू दिली नाही. "वल्या विटेवर गिलावा म्हंजी वाद मिटायच्या आदी वाटनी." रोज खिडक्या उघड्या, पंखा चालू, आणि रोज सकाळी पेन्सिल. आईच्या खोलीतल्या भिंतीवर रेघा आता आतल्या आत येऊ लागल्या. आजची कालच्या आत, उद्याची आजच्या आत. ओल मागे सरकताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटची रेघ रुपयाएवढी होती. नंतर रेघ ओढायला जागाच उरली नाही, तेव्हा नानांनी तिथे नुसती तारीख घातली आणि खाली लिहिलं: ताबा दिला.

खाट परत आत गेली. पहिल्या रात्री आई खोकली नाही. सकाळी उठून बघतो तर खिळा रिकामा. पिशवीतली लुगडी कपाटात गेली होती आणि त्या पिशवीत आई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

हौद नानांनी पुन्हा बांधला. यावेळी भिंतीपासून चांगलं वीतभर अंतर सोडून, सगळ्या कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई देऊन, आतून दोन थर वॉटरप्रूफिंगचे. फाल्गुनात तो भरला. पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेघ. तीन दिवस हात लावायचा नाही, मग बघायचं.

चौथ्या दिवशी आम्ही तिघं बघायला गेलो. कुलूप आता नव्हतं. नानांनी झाकण सरकवलं. पाणी रेघेला अगदी चिकटून उभं होतं.

"नाना, जिंकलात!" मी म्हणालो. "केसभर हललं नाही."

"व्हय," नाना म्हणाले. "न्हाई हललं."

ते वाकून बघतच राहिले. मला वाटलं होतं ते टोपी उडवतील, वसाहतभर सांगत सुटतील. त्यांनी रेघेवर बोट ठेवलं, ओलं झालं की नाही ते बघितलं आणि परत ठेवलं. "जागच्या जागी हाय," इतक्या हळू म्हणाले की मला आधी कळलंच नाही त्यांना काय झालंय. मग कळलं: आता त्यातलं कुणीच पिऊन जात नव्हतं.

आई म्हणाली, "साठवणीचं पानी वापरात पायजे, भाऊ. न्हाईतर वास मारतं." आणि कोपऱ्यातली बादली ओढली. "सुंद्राबाई, आजपास्नं माझं आंघोळीचं पानी तुमच्याकडलं."

आता आमचं बाथरूम वसाहतीत सगळ्यात कोरडं आहे. नळाला पाणी आहे, भिंती पांढऱ्या आहेत, नाना पाहुण्यांना मुद्दाम आणून दाखवतात. आणि माझी आई रोज सकाळी ते सोडून शेजारून बादली भरून आणते. मी एकदा म्हटलं, मी आणून देतो, तर म्हणाली, "तुझं काम न्हाई."

ती बादली घेऊन परत आली की मागोमाग नाना हौदाशी जातात. मला भिंतीतून ऐकू येतं. झाकण सरकतं, मग पेन्सिल खरखरते. नंतर नाना अंगणात येऊन नळाला पाईप जोडतात आणि आईला हाक मारून सांगतात, "आक्का, आज दोन बोटं."

"दोनच ना?" आई इकडून विचारते.

"दोनच," नाना म्हणतात, आणि भरायला लागतात.